समाजमाध्यमे आणि सामाजिक सलोखा (पालघर जिल्हा)

समाजमाध्यमे आणि सामाजिक सलोखा : समाजमाध्यमांवरील मजकुरातून उद्भवणारा संघर्ष आणि त्याच माध्यमांतून होणारे शांततेचे प्रयत्न. पालघर जिल्ह्यातील दोन घटनांची दखल देशभर घेतली गेली.

पालघर, २०१२ : बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी तरुणी आणि तो मजकूर ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना पोलिसांनी अटक केली आणि एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. त्यांच्यावर लावलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ विरोधात त्यानंतर याचिका झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले.

गडचिंचले, २०२० : कोविडच्या टाळेबंदीत डहाणू तालुक्यात चोर आणि मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा पसरल्या होत्या. गावकरी रात्री पहारा देत. १६ एप्रिलच्या रात्री अंत्यसंस्कारासाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने पोलिसांसमक्ष हत्या केली. मग दुसरी अफवा उठली : हत्येला धार्मिक रंग देणारी. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतील १०१ जणांची यादी समाजमाध्यमांवर जाहीर करून, त्यांत एकही मुस्लीम नसल्याचे सांगितले. पहिल्या अफवेला असे उत्तर वेळेत मिळाले नव्हते. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा बळी घेतला होता.

उपाय : राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० पासून दोन बाणांची खूण असलेला, म्हणजे अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. मात्र मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की ही खूण उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार तेढ वाढवणारी खोटी माहिती किंवा अफवा त्या हेतूने पसरवणे हाही गुन्हा आहे.

समाजमाध्यमांच्या आधीचाही एक उपाय आहे : शेजारच्या भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. त्यांत हिंदू आणि मुस्लीम अशा दोन्ही समाजांची माणसे पोलिसांसह नियमित भेटत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आज वस्तीचा, सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे काम करू शकतो. पण त्यातली माणसे एकमेकांना आधीपासून प्रत्यक्ष ओळखत असली पाहिजेत. दोन बाणांचा संदेश आला, तर पुढे पाठवण्याआधी त्यात ज्या गावाचा उल्लेख असेल तिथल्या ओळखीच्या माणसाला एक फोन करावा.