जुनी मोटार : रिकॉल आणि सेवा परिपत्रक यांतील फरक

मोटारीच्या रचनेत किंवा एखाद्या सुट्या भागात दोष आढळल्यास उत्पादक कंपनी दोन वेगळ्या मार्गांनी त्याची दखल घेते. दोषामुळे प्रवाशांच्या अथवा रस्त्यावरील इतरांच्या जिवाला धोका संभवत असेल, तर त्या बनावटीच्या गाड्या दुरुस्तीसाठी माघारी बोलावल्या जातात. यालाच रिकॉल म्हणतात. दोष त्रासदायक असला तरी धोकादायक मानला गेला नसेल, तर कंपनी आपल्या सेवा केंद्रांना तांत्रिक सेवा परिपत्रक पाठवते. रिकॉलची दुरुस्ती विनामूल्य होते. परिपत्रकातील दुरुस्ती हमीच्या मुदतीपुरतीच विनामूल्य असते. जुनी गाडी वापरणाऱ्यांचा गोंधळ प्रामुख्याने येथेच होतो.

परिपत्रक हे मुळात कारागिरासाठी लिहिलेले असते. गिअर बदलताना बसणारा हिसका कसा तपासावा, कोणत्या भागाऐवजी सुधारित भाग बसवावा, अशा स्वरूपाची माहिती त्यात असते. टोयोटाच्या २००७ ते २००९ या काळातील काही कॅमरी गाड्यांचे २.४ लिटरचे इंजिन प्रमाणाबाहेर तेल खाते, अशा तक्रारी अमेरिकेत आल्या. कंपनीने २०११ मध्ये परिपत्रक काढून तपासणीची आणि पिस्टन बदलण्याची पद्धत ठरवून दिली. मात्र तो रिकॉल नव्हता. कंपनीने पुढे मर्यादित मुदतीची स्वतंत्र सवलत योजना राबवली, पण केवळ परिपत्रक निघाले म्हणून हमी संपलेल्या मालकाला मोफत दुरुस्तीचा हक्क मिळाला नव्हता.

तरीही जुन्या गाडीच्या मालकाला परिपत्रकाचा उपयोग होतो. अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याचा खर्च त्यामुळे वाचू शकतो. अमेरिकेत कंपन्यांना अशा परिपत्रकांच्या प्रती महामार्ग सुरक्षा प्रशासनाला द्याव्या लागतात आणि त्या नागरिकांना पाहता येतात. भारतात ही परिपत्रके सर्वसाधारणपणे अधिकृत सेवा केंद्रांपुरतीच राहतात. ‘या तक्रारीवर कंपनीचे परिपत्रक आहे काय’ असे सेवा केंद्रात स्पष्ट विचारणे, हाच येथील व्यवहार्य मार्ग होय.

रिकॉलच्या बाबतीत भारताची वाटचाल उशिरा सुरू झाली. मारुती सुझुकीने फेब्रुवारी २०१० मध्ये इंधनगळतीच्या शक्यतेमुळे सुमारे १ लाख ए-स्टार गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. त्याच वर्षी नॅनोला आगी लागल्याच्या घटनांनंतर टाटा मोटर्सने जादा सुरक्षा साधने मोफत बसवून देण्याची घोषणा केली, मात्र हा रिकॉल नसल्याचे सांगितले. शब्द टाळण्याचा हा प्रकार त्या काळी नवलाचा नव्हता. वाहन उत्पादकांच्या ‘सिआम’ या संघटनेने जुलै २०१२ मध्ये रिकॉलसाठी ऐच्छिक संहिता लागू केली. पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने २००५ पासूनच्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा गाड्या माघारी बोलावल्या.

कायद्याचे बंधन त्यानंतर आले. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०-अ समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार दोषयुक्त वाहने माघारी बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार कंपनीला देऊ शकते. याबाबतचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. कंपनीने स्वतःहून रिकॉल न करता सरकारला आदेश द्यावा लागल्यास १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. वाहनमालकाला ‘वाहन’ पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवता येते.

परंतु हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी आहेत. त्यापुढील गाडीची भिस्त कंपनीच्या स्वेच्छेवर राहते. अमेरिकेत मोफत दुरुस्तीची मुदत पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांची आहे. सात वर्षांची ही रेषा तोकडी वाटते, कारण काही दोष गाडीच्या वयाबरोबरच वाढत जातात.

ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. एअरबॅग फुगवणाऱ्या नळकांड्यात अमोनियम नायट्रेटचा वापर केलेला होता. अनेक वर्षे उष्णता व दमट हवा लागल्याने हे रसायन बिघडते, अपघाताच्या वेळी अतिवेगाने जळते आणि धातूचे नळकांडे फुटून त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसतात. अमेरिकेत यामुळे २० हून अधिक मृत्यू झाले. जगभरात सुमारे १० कोटी नळकांडी रिकॉलखाली आली आणि जून २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरीचा अर्ज केला. भारतात होंडाने २०१६ मध्ये सुमारे १ लाख ९० हजार जुन्या गाड्या याच कारणासाठी बोलावल्या. कोकण, गोवा, मुंबई यांसारख्या दमट किनारपट्टीवर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांनी ही तपासणी लांबणीवर टाकणे हिताचे नाही. भंगारातून आणलेली एअरबॅग बसवल्यास तोच धोका पुन्हा गाडीत येऊ शकतो.

तपासणीसाठी १७ अंक-अक्षरांचा चेसिस क्रमांक लागतो. तो नोंदणी पुस्तकात असतो. शून्य व एक या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात वापरली जात नाहीत. हा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरील रिकॉल विभागात भरल्यास किंवा सेवा केंद्राला कळवल्यास दुरुस्ती बाकी आहे की नाही, हे समजते. केवळ मॉडेल आणि वर्ष जुळणे पुरेसे नाही. एकाच वर्षातील काही गाड्यांत सदोष भाग असतो, काहींत नसतो.

गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर ही चौकशी अधिकच आवश्यक ठरते. रिकॉलची सूचना कंपनीच्या नोंदीतील पत्त्यावर व दूरध्वनीवर जाते आणि ती नोंद बहुधा पहिल्या मालकाची असते. परिवहन कार्यालयात नाव बदलून घेतले तरी कंपनीकडील नोंद आपोआप बदलेलच असे नाही. नव्या मालकाने सेवा केंद्रात आपला पत्ता नोंदवून घ्यावा. दुरुस्ती झाल्यावर रिकॉलचा उल्लेख आणि बदललेल्या भागाचा क्रमांक जॉब कार्डावर लिहून घ्यावा. गाडी पुढे विकताना तो कागद खरेदीदाराला द्यावा.