पाबळची कार्यशाळा आणि जिवाणूंचे सुटे भाग

१/ इतिहासप्रेमींना शिरूर तालुक्यातील पाबळ ठाऊक असते ते मस्तानीच्या समाधीमुळे. याच गावात २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेच्या सहकार्याने एक ‘फॅब लॅब’ सुरू झाली. एमआयटीबाहेर उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या आधाराने विज्ञान कसे घडवले, याचा मागोवा इथूनच घेता येतो.

२/ शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडील, पर्जन्यछायेतले तालुके. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम स्थापन केला. अमेरिकेत पीएच.डी. केलेले आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर राहिलेले हे शास्त्रज्ञ, शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलांना शिकवण्यासाठी अवर्षणग्रस्त गावी येऊन राहिले.

३/ त्यांची पद्धत साधी होती : हाताने काम करत शिकायचे आणि ते काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे. मुले वेल्डिंग करत, माती तपासत, रक्तगट ओळखत, विहिरीची जागा ठरवण्यासाठी जमिनीची विद्युतरोधकता मोजत. एका तुकडीने उभारलेले पुढच्या तुकडीच्या हाती येई. पुढे हाच अभ्यासक्रम राज्यातील अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला.

४/ एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांना पाबळमध्ये हेच दिसले. दुधाची प्रत तपासणे, डिझेल इंजिनाचे ट्यूनिंग करणे यांसाठी गावाला स्वस्त उपकरणे हवी होती आणि ती बाजारात मिळत नव्हती. मग ती गावातच का बनवू नयेत? फॅब लॅबच्या जडणघडणीत या प्रश्नाचा वाटा आहे. म्हणजे पाबळने केवळ घेतले नाही; दिलेही.

५/ याच सुमारास, जानेवारी २००३ मध्ये, एमआयटीतच विद्यार्थ्यांचा एक छोटा अभ्यासवर्ग भरला. ‘लुकलुकणारी’ पेशी तयार करा, हे त्यांच्यापुढचे आव्हान होते. २००४ साली त्यातून पाच अमेरिकी विद्यापीठांची स्पर्धा जन्मली. तीच आजची ‘आयजेम’ : सिंथेटिक बायोलॉजीची, म्हणजे सजीव पेशीत नवी कामे बसवण्याच्या शास्त्राची, जागतिक विद्यार्थी स्पर्धा.

६/ तिचा पाया टॉम नाइट यांच्या कल्पनेवर उभा आहे. नट-बोल्टला जसे ठरावीक माप असते, तसे डीएनएच्या तुकड्यांनाही असावे, म्हणजे कोणाचाही तुकडा कोणाच्याही तुकड्याला जोडता येईल. हे तुकडे एका सामायिक भांडारात जमा होऊ लागले. संघाने भांडारातून भाग घ्यायचे आणि आपण बनवलेले परत तिथेच ठेवायचे, अशी रीत पडली.

७/ इथे स्पर्धेचा अर्थच पालटला. दुसऱ्या संघाला मदत करणे हा पदकाच्या निकषांचा भाग झाला. एकाकडे गणिती प्रतिमान मांडणारे विद्यार्थी, दुसऱ्याकडे चांगली प्रयोगशाळा. एकाचा प्रयोग फसला, तर दुसऱ्याने तो आपल्याकडे करून पाहायचा.

८/ भारतातून २००६ साली बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा संघ उतरला. २००९ साली तिथल्याच सृष्टी कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी, विज्ञानाची पदवी नसताना, पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वास जिवाणूंकडून निर्माण करवून घेतला. पुढे पुण्याची आयसर आणि मुंबईची आयसीटी यांचेही संघ स्पर्धेत आले.

९/ या देवाणघेवाणीचे खरे मोल २०१८ मध्ये दिसले. द्रवात जिवाणू किती, हे त्याच्या गढूळपणावरून मोजतात. पण प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा येतो. त्या वर्षी २४४ प्रयोगशाळांतील संघांनी एकच प्रयोग आपापल्या यंत्रावर केला. जिवाणूएवढ्या सिलिकाच्या सूक्ष्म मण्यांशी तुलना केली, तर आकडे जुळवता येतात आणि हा उपाय स्वस्तही आहे, असे त्यातून सिद्ध झाले. २०२० साली तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एकट्या प्रयोगशाळेला, ती कितीही श्रीमंत असो, हे दाखवणे शक्यच नव्हते.

१०/ मात्र या सहकाराला एक कुंपणही आहे. संघाच्या नोंदणीचे शुल्कच काही हजार डॉलर. शिवाय प्रयोगशाळा, रसायने, प्रवास. कुंपणाच्या आत सारे उदारपणे वाटले जाते. पण आत येणार कोण, हे बहुधा संस्थेची ऐपत ठरवते. दौंडच्या महाविद्यालयातील मुलीला भांडारातील माहिती मोबाइलवर वाचता येईल. पण ते तुकडे पेशीत घालून पाहायला जागा कुठे?

११/ पाबळचे महत्त्व इथे कळते. कलबागांनी सुरुवात उलट्या टोकाने केली : आधी दार उघडले, मग उपकरणे जमवली, आणि नसतील ती बनवली. विज्ञान आश्रमात पुढे कमी खर्चात उपकरणे स्वतः बनवून वापरणारी जीवशास्त्राची प्रयोगशाळाही उभी राहिली. २००९ साली फॅब लॅबचे पाचवे आंतरराष्ट्रीय संमेलन पुण्यात भरले.

१२/ कलबाग २००३ साली निवर्तले. आयजेमची पहिली स्पर्धा त्यांनी पाहिली नाही. पण दोन्ही प्रवाहांना एकच गोष्ट उमगली होती : शिकणाऱ्याने केलेले काम वहीत बंद न राहता पुढच्याच्या हाती पडले पाहिजे. आयजेमने ते जगभरच्या विद्यापीठांत करून दाखवले. पाबळने ते शाळा सुटलेल्या मुलांसोबत केले, तेही वीस वर्षे आधी. सिंथेटिक बायोलॉजीचा भारतीय इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्याचे पहिले प्रकरण बंगळुरूचे असेल. पण त्याची प्रस्तावना शिरूर तालुक्यात शोधावी लागेल.