पोलीस पाटील आणि गावची राखण

हुबळीहून धारवाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर विद्यानगर ही महाविद्यालयांनी गजबजलेली वस्ती लागते. तेथील घरांवरच्या पाट्या वाचीत गेल्यास पाटील, कुलकर्णी, देसाई, तळवार अशी आडनावे दृष्टीस पडतात. ही नुसती आडनावे नव्हेत. एके काळी हे अधिकार होते. पाटलाने वसूल करावा आणि बंदोबस्त राखावा, कुलकर्ण्याने दप्तर लिहावे, तळवाराने रात्रीची गस्त घालावी, अशी ही व्यवस्था होती. अधिकार गेले, आडनावे उरली. त्या अधिकारांपैकी गावच्या राखणीचा जो अधिकार, त्याची हकीकत आज श्रोत्यांपुढे ठेवावयाची आहे.

अमेरिकेतील खेड्यापाड्यांच्या भागात शेरीफ नावाचा अंमलदार असतो. गस्त घालणे, गुन्हेगार पकडणे, तुरुंग सांभाळणे आणि न्यायालयाचे हुकूम बजावणे ही त्याची कामे, आणि बहुतेक ठिकाणी लोक त्याला मते देऊन निवडतात. हा शब्द मूळचा इंग्लंडचा. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी, या दोन शब्दांपासून तो झाला. आपल्याकडे मुंबईस शेरीफ झाले, पण ते पद केवळ मानाचे. खऱ्या अर्थाने शेरीफाचे काम आपल्या मुलखात ज्याने केले, तो गावचा पाटील होय. कानडी मुलखात त्यालाच गौड म्हणत.

पेशवाई अस्तास गेली तेव्हा धारवाडच्या बाजूस टॉमस मन्रो याने अंमल बसविला, आणि दख्खनचा कारभार माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन याजकडे आला. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या या बंदोबस्ताची बारकाईने नोंद आहे. गावात चोरी झाली तर तिचा जबाब पाटलाने द्यावयाचा. त्याच्या हाताखाली जागले असत. कोठे महार, कोठे रामोशी वा भिल्ल, तर धारवाड-बेळगावकडे तळवार आणि जमिनीच्या सनदेवर चाकरी करणारे शेतसनदी. परका माणूस गावात आला तर तो कोठे उतरला, कोणाकडे जेवला, हे जागल्यास ठाऊक असावयाचेच.

जनावर चोरीस गेले म्हणजे माग काढीत. धुळीतील खुरांच्या खुणा पाहत जागल्या शिवेपर्यंत जाई आणि तेथे पुढच्या गावच्या जागल्याच्या स्वाधीन तो माग करी. त्या गावाने माग आपल्या शिवेबाहेर काढून दाखवावा, नाही तर माल तरी द्यावा वा भरपाई तरी करावी. आज आपल्याला ही रीत कठोर वाटेल, आणि तिच्यात निरपराध गावावर भुर्दंड पडण्याचे भय होतेच. परंतु तिच्या मुळाशी एक पक्की समजूत होती. गावात जे घडते ते गावाला कळल्यावाचून राहत नाही, म्हणून गावाने त्याचा जबाब दिला पाहिजे.

इंग्रजी अंमल स्थिरावला तशी जिल्ह्यांत पगारी पोलीस शिपायांची फौज उभी राहिली. तरीही गावचा पाटील दूर करणे सरकारला परवडले नाही. १८६७ मध्ये मुंबई इलाख्यात दोन कायदे लागोपाठ झाले. सातवा जिल्हा पोलिसांचा आणि आठवा गावपोलिसांचा. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे रत्नागिरी, सातारा, धारवाड या सर्वांना एकच कायदा लागू झाला, आणि ‘पोलीस पाटील’ हा शब्द दोन्ही भाषांतील गावांत सारखाच रुळला.

या कायद्यातील एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. पोलीस पाटील हा फौजदाराचा शिपाई नव्हे. तो जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटच्या हुकमतीखाली असे. गुन्ह्याची वर्दी देणे, गुन्हेगारास अटक करून पाठविणे, शिवेवर संशयित मनुष्य फिरत असल्यास कळविणे, ही त्याची नित्याची कामे. विहिरीत प्रेत सापडले वा कोणी अकस्मात मेले, तर गावातील दोन किंवा अधिक समंजस माणसे सोबत घेऊन त्याने तत्काळ चौकशी करावयाची, जखमा पाहावयाच्या आणि घातपाताचा संशय असल्यास पोलिसांस कळवावयाचे. ठाणे दहा कोसांवर, वाटेत ओढ्याला पूर, अशा वेळी मेलेल्या माणसाची बाजू मांडणारा पहिला मनुष्य हाच. त्याने डोळेझाक केली, तर सासरी जाळली गेलेली सून ‘चुलीवर भाजली’ म्हणून कायमची मिटून जावयाची. १९०२-०३ च्या पोलीस आयोगानेही गावच्या मुख्याची जबाबदारी हा साऱ्या बंदोबस्ताचा पाया मानला, त्याचे कारण हेच.

मात्र या चित्राची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हकीकत पुरी होत नाही. पाटिलकी हे वतन होते. बापामागून मुलगा, तो लायक असो वा नसो. १८७४ च्या वतन कायद्याने हा वारसाहक्क अधिकच बळकट केला. मग ज्या पाटलाने चोर धरावयाचा, त्याचाच भाऊबंद चोर निघाला तर? आणि पाटलाच्या हाताखाली जे खरोखर राबले, त्यांची दशा काय होती? वेशीवर रात्र काढावी, तालुक्याला टपाल न्यावे, सरकारी खजिन्यासोबत चालावे, साहेबाच्या मुक्कामी लाकूडफाटा पुरवावा. या सर्वांचा मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि बलुत्याचे धान्य. चाकरीला वेळेची मर्यादा नव्हती, आणि महार आजारी असला तर त्याच्या घरच्या माणसाने जावयाचे. गावाचे रक्षण ज्याने करावयाचे, त्याला गावाच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या अन्यायावर बोट ठेवण्यासाठी. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. परंतु वतन हे भूषण नसून बेडी आहे, हा विचार त्यामुळे गावोगाव पोहोचला. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगार वतने संपविली.

तोवर धारवाडची वाट निराळी झाली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेथे १९६१ च्या कायद्याने पिढीजात ग्रामाधिकार रद्द झाले. पुढे १९६४ मध्ये ग्रामसंरक्षण दलांचा कायदा झाला. महाराष्ट्राने १९६२ मध्ये वंशपरंपरागत पाटिलकी मोडली, पण पोलीस पाटील मोडला नाही. १९६७ चा महाराष्ट्र ग्रामपोलीस कायदा करून त्याने त्या पदावर नेमणुकीने माणूस बसविला. आज तेथे पाटील घराण्याशी काहीही नाते नसलेली व्यक्ती, एखादी स्त्रीदेखील, त्या पदावर बसू शकते, आणि शंभर वर्षांपूर्वी ज्यांना चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागे, त्यांचे नातू पंचनाम्यावर पोलीस पाटील म्हणून सही करतात. एकाच मुळाच्या या दोन फांद्या.

शेरीफ मतांनी येतो, जुना पाटील जन्माने आला, आजचा नेमणुकीने येतो. तिन्ही रीतींत गुणदोष आहेत. शेरीफाला मतदारांचे भय, तर नेमलेल्याला वरिष्ठांचे. परंतु रक्षण करणारा माणूस गावाला ओळखणारा असावा, हे सूत्र तिघांतही समान आहे. जुन्या व्यवस्थेला ते नेमके कळले होते; जागल्याला मनुष्य म्हणून वागवावे, एवढे मात्र तिला कळले नाही. विद्यानगरात आज पोलीस ठाणे आहे, दूरध्वनी आहे, वाहने आहेत. तरीही मध्यरात्री शेजारच्या घरातून किंकाळी आली, तर ती प्रथम ऐकणारे आपणच असतो. पाटील गेला म्हणून ती जबाबदारी गेली असे नाही. ती त्या आळीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्यास आली आहे.