पोलो जीटी टीएसआय
फोक्सवॅगनच्या पोलो या छोट्या मोटारीची टर्बोचार्जर बसवलेली वेगवान आवृत्ती. पुणे जिल्ह्यातील चाकणच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी २०१३ मध्ये भारतीय बाजारात आली. इंजिन अवघे १,१९७ घनसेंमी., शक्ती १०५ पीएस; सोबत सात गतींचा दुहेरी क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने टर्बाइन फिरते आणि सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरते. त्यामुळे १७५ न्यूटन-मीटर टॉर्क १,५०० फेऱ्यांपासूनच मिळतो. पनवेलजवळ कळंबोलीला सुरू होणाऱ्या द्रुतगती मार्गाने बोरघाट चढताना हाच गुण खरा मोलाचा. कमाल वेगाचे आकडे तिथे गौण. २०२० मध्ये एक लिटरचे, ११० पीएसचे तीन सिलिंडरी इंजिन आले. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले.