वृद्धांची सामाजिक वगळणूक (ग्रामीण महाराष्ट्र)

उत्पन्न, सेवा, नातेसंबंध, मान आणि निर्णयप्रक्रिया यांपासून वृद्ध व्यक्ती क्रमाक्रमाने दूर पडण्याची प्रक्रिया. दारिद्र्य आणि एकाकीपणा ही तिची अंगे असली, तरी ती एवढ्यापुरती मर्यादित नाही. खात्यापित्या घरातील, माणसांनी वेढलेली वृद्ध व्यक्तीही वगळली जाऊ शकते. फ्रेंच प्रशासक रने लन्वार यांनी १९७४ मध्ये वगळलेल्या समाजघटकांची चर्चा केली, तेव्हा त्यांत विकलांग वृद्धांचाही समावेश होता. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढील व्यक्ती सुमारे १०.४ कोटी होत्या आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के खेड्यांत राहत होत्या. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते.

कारणे : स्थलांतर हे प्रमुख कारण होय. कोकणातील तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले आहेत. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. एरवी अनेक वाड्यांत म्हातारी माणसेच उरतात. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीच्या हंगामात जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात आणि घर, जनावरे व शाळकरी नातवंडे आजी-आजोबांवर सोपवली जातात. पहिल्या प्रकारात आधार तुटतो, दुसऱ्यात थकत्या वयात जबाबदारी वाढते.

दुसरे कारण मालमत्तेशी निगडित आहे. शेतमजूर व अल्पभूधारक यांना नोकरदारांसारखे निवृत्तिवेतन नसते. सातबाऱ्यावर मुलांची नावे लागली, की घरातील शब्दाचे वजन घटते. वाटणीनंतर आई एका मुलाकडे व वडील दुसऱ्याकडे, किंवा दोघांची महिन्यांप्रमाणे पाळी, अशी व्यवस्थाही आढळते. स्त्रियांच्या नावे जमीन क्वचितच असल्याने विधवा अधिक परावलंबी होतात. हळदीकुंकवासारख्या प्रसंगी त्यांना टाळले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.

स्वरूप : ग्रामीण वगळणुकीत अंतराचा वाटा मोठा असतो. दवाखाना, बँक, तहसील कचेरी दूर. एसटीच्या फेऱ्या मोजक्या. एसटीत ७५ वर्षांपुढील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, परंतु जिथे गाडीच पोहोचत नाही तिथे सवलतीचा उपयोग नाही. गुडघेदुखी, मोतीबिंदू आणि ऐकू कमी येणे यांमुळे पारावरची बैठक, भजन, ग्रामसभा हळूहळू सुटते. कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा रेशन व अनुदान अडते. मोबाइलवरील व्यवहारांसाठी नातवंडांवर किंवा मध्यस्थांवर विसंबावे लागते आणि त्यातून फसवणुकीचा धोका वाढतो. दलित, आदिवासी व भूमिहीन वृद्धांच्या बाबतीत आधीची विषमता वयाने अधिक तीव्र होते.

उपाययोजना : ज्येष्ठ नागरिकांविषयीचे राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये जाहीर झाले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियम, २००७ नुसार न्यायाधिकरण दरमहा कमाल १०,००० रुपये निर्वाहभत्ता ठरवू शकते. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळवता येते. मात्र पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करणे गावात कमीपणाचे मानले जात असल्याने या तरतुदींचा वापर मर्यादित राहतो. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयोगटासाठी दरमहा २०० व त्यापुढे ५०० रुपये आहेत. राज्याच्या श्रावणबाळ योजनेतील साहाय्य २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आले. ते सुरू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अनुदानाने उत्पन्नाची उणीव काही प्रमाणात भरून निघते. अंतर, अवलंबित्व आणि निर्णयातील दुय्यम स्थान यांसाठी घरपोच आरोग्यसेवा, गावातच रक्कम देण्याची सोय, जमिनीवरील स्त्रियांचा हक्क आणि ग्रामसभेतील सहभाग अशा निराळ्या उपायांची आवश्यकता असते.