शिसे, खिळा आणि शापाची संहिता

ग्रीक-रोमन जगातील शापपत्रे अभ्यासताना आपण सहसा केवळ त्यांवरील अक्षरे वाचतो. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकापासून पुढे अनेक शतके हे शाप मुख्यतः शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरले गेले. अथेन्सजवळच्या लॉरिऑन येथील खाणींत चांदीबरोबर शिसेही विपुल निघे. ते स्वस्त आणि मऊ. त्यावर शलाकेने सहज लिहिता येई, घडी घालून आरपार खिळा ठोकता येई. सोयीखातर स्वीकारलेली ही सामग्री पुढे स्वतःच अर्थ बोलू लागली. हे शिसे जसे थंड व निरुपयोगी, तसाच प्रतिपक्षीही होवो, अशी उपमा काही अथेनियन शापांत उघडपणे येते. इंग्लंडमधील बाथ येथील पवित्र झऱ्यात सापडलेली सुमारे १३० शापपत्रे रॉजर टॉमलिन यांनी १९८८ साली संपादित केली. त्यांतील बहुतेक तक्रारी चोरीच्या असून त्या सुलिस मिनर्व्हा या देवतेपुढे मांडलेल्या आहेत. घडी घालून थडग्यात वा पाण्यात टाकलेल्या अशा लेखनाचा उद्दिष्ट वाचक माणूस नव्हता. म्हणूनच घडी, खिळा आणि धातू यांना संहितेचे घटक मानावे लागते. केवळ लिप्यंतरावर विसंबणाऱ्या समीक्षेच्या हाती शापाचे शब्द लागतात. शाप देण्याची कृती मात्र निसटून जाते.