घराच्या कागदावरून नाव कमी करणे

आजचा विषय थोडा घरगुती आहे. पंधरा दिवसांपूर्वी गारखेड्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ सकाळी चहाला आले. घर त्यांच्या पत्नीच्या नावावर होतं. वहिनी वारल्या, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वारस नोंद झाली आणि कागदावर तीन नावं आली: गृहस्थांचं, मुलाचं आणि लातूरला दिलेल्या मुलीचं. त्यांचा प्रश्न साधा होता. "सर, पोरीचं नाव कमी करायचंय. कसं करतात?"

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, वकील नव्हे. पण तो 'कमी करणे' शब्द कानात अडकला. तो त्यांचा नव्हे, कचेरीचा शब्द. मयताचे नाव कमी करून वारसांची नावे दाखल केली, असं फेरफारात लिहितात. मेलेल्या माणसासाठी घडवलेला शब्द जिवंत मुलीला किती सहज लावला जातो, बघा.

आता पहिला प्रश्न असा, की नाव कागदावर लागलं म्हणून हक्क येतो, की हक्क असतो म्हणून नाव लागतं? आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे 1076 ते 1126 च्या दरम्यान, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. 1956 पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्यात होतो. विज्ञानेश्वर म्हणतो, स्वत्व, म्हणजे मालकी, जन्मानेच येते. पोरगा पाळण्यात असतानाच वाड्याचा मालक. बंगालच्या जीमूतवाहनाला हे मान्य नाही. त्याच्या 'दायभागा'त बापाचं स्वत्व संपलं की मुलाचं सुरू होतं. पुढे नव्यन्यायातल्या रघुनाथ शिरोमणीने तर स्वत्व हा एक स्वतंत्र पदार्थच मानला. द्रव्यात बसत नाही, गुणात बसत नाही. आम्ही वर्गात हे शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. घराच्या वाटणीचं उदाहरण दिलं की जागी व्हायची.

पण जन्माने मालकी येते म्हणताना जन्म कुणाचा? मुलाचा. मुलगीही त्याच घरात जन्मते, हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. गंमत म्हणजे हाच विज्ञानेश्वर स्त्रीधनाच्या बाबतीत उदार आहे. बाईला वारशाने मिळालेलं, विकत घेतलेलं, वाटणीत आलेलं, सगळं तो स्त्रीधनात धरतो. इंग्रजांच्या काळात प्रिव्ही कौन्सिलने ते मानलं नाही. वारशाने आलेलं धन बाईने हयातभर वापरावं, मग ते मागे जावं, असा अर्थ लावला. परंपरेपेक्षा कोर्ट सनातनी निघालं, असं आमचं मत आहे. (आपल्या शहरातल्या मुस्लिम घरांत मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण तो शरियतने ठरलेला आहे आणि राहत्या घरालाही लागू आहे. हे आपण सोयीने विसरतो.)

1937 साली डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नाने हिंदू विधवेला नवऱ्याच्या हिश्शात हयातभराचा हक्क मिळाला. तोही ब्रिटिश हिंदुस्थानात. मराठवाडा तेव्हा निजामाकडे. मग हिंदू कोड बिल आलं. बाबासाहेबांनी त्यात मुलीला मुलाइतका वाटा ठेवला होता. 1 सप्टेंबर 1951 ला याच शहरात मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. बाबासाहेबांचं कॉलेज, आणि पाहुणे या बिलाचे कट्टर विरोधक! त्याच महिन्यात राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना कळवलं की या बिलाबाबत आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ इच्छितो. आणि 27 सप्टेंबरला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नागसेनवनातून जाताना आम्हाला तो सप्टेंबर हटकून आठवतो.

1956 चा हिंदू वारसा कायदा आला. मुलगी वारस झाली, पण वडिलोपार्जित मिळकतीत बापाच्या वाट्यापुरतीच. आणि त्यात एक कलम होतं, 23 वं. ते नीट ऐका, कारण ते फक्त राहत्या घराबद्दल आहे. कुटुंब राहतं त्या घरात मुलीचा हिस्सा आहे, पण भाऊ आपसात वाटणी करायला निघत नाहीत तोवर तिने वाटणी मागायची नाही. बरं, तिला तिथे राहता तरी येईल का? येईल, पण अविवाहित असेल, नवऱ्याने टाकलेली असेल, विभक्त झालेली असेल किंवा विधवा असेल तर. म्हणजे संसार नीट चाललेल्या लेकीला स्वतःच्या हिश्शाच्या घरात राहण्याचाही हक्क नाही. दुःख झालं की मिळणार. हे कलम 49 वर्षं टिकलं. शेत वाटता येतं, पैसा मोजता येतो, पण घर म्हटलं की कायदे करणाऱ्यांचाही हात थबकला.

महाराष्ट्राने 1994 साली मुलींना जन्मसिद्ध हिस्सेदार केलं, पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राच्या दुरुस्तीने सगळ्याच मुलींना तो हक्क दिला आणि 23 वं कलम काढून टाकलं. जन्माने येणारी मालकीच मोडावी असा बाबासाहेबांच्या बिलाचा रोख होता. आपण ती न मोडता मुलींना तिच्यात घेतलं. विज्ञानेश्वर असा नऊशे वर्षांनी पुरा झाला.

आता आमची गोष्ट. आमचे वडील 1996 साली गेले. आई आधीच गेलेली. जालन्याकडच्या गावात वाडा. आम्ही दोघे भाऊ, दोघी बहिणी, त्यांची लग्नं 1994 पूर्वीची. तेव्हाच्या कायद्याने हिशेब असा: वडील आणि आम्ही दोघे, तिघांना एकेक तृतीयांश, वडिलांच्या तृतीयांशाचे चार भाग. म्हणजे बहिणींना बारावा-बारावा हिस्सा, आम्हा भावांना बारातले पाच-पाच. तो बारावाही आम्ही ठेवला नाही. हक्कसोडपत्र तयारच होतं. दोघींना निबंधक कचेरीत नेलं, सह्या झाल्या, बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, घरी साडी-चोळी केली. थोरलीला आधी कल्पना तरी दिली होती. धाकटीला विचारलंच नाही. नीतिशास्त्राचा तास घेणारा माणूस हो आम्ही!

2020 साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की 2005 ला बाप हयात नसला तरी मुलीचा जन्मसिद्ध हक्क आहे. म्हणजे सह्या नसत्या तर दोघींचा चौथा-चौथा हिस्सा. पण 20 डिसेंबर 2004 पूर्वीचे व्यवहार अबाधित, त्यामुळे आम्ही कायद्याने सुरक्षित. निकाल वाचला त्या रात्री धाकटीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, विचारलं असतंस तरी सही केलीच असती. पण विचारायचं होतंस."

तर त्या गृहस्थांना आम्ही काय सांगितलं? पहिलं, महापालिकेच्या कर नोंदीत किंवा फेरफारात नाव बदलल्याने मालकी बदलत नाही. 1996 च्या सावरणी विरुद्ध इंदर कौर निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटलं आहे. दुसरं, नाव 'कमी' करण्याचा अर्ज नसतो. वहिनींच्या घरात नवरा, मुलगा, मुलगी सारखे वारस, तेव्हा तिचा एक तृतीयांश तिचाच. तो फक्त तीच सोडू शकते, स्वेच्छेने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने. साध्या कागदावरचं संमतीपत्र चालत नाही. तिसरं त्यांनी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं: तुमचा स्वतःचा तृतीयांश मुलाला किंवा मुलीला बक्षीसपत्राने द्यायचा तर राहत्या घराला मुद्रांक शुल्क 200 रुपये, इतर खर्च वेगळा. नाव लावणं इतकं स्वस्त आहे.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरगी नाही म्हणायची नाही हो." आम्ही म्हटलं, ते ठाऊक आहे, म्हणूनच म्हणतो, आधी विचारा. परवा भाजीच्या गाडीजवळ पुन्हा भेटले. फोन केला का, विचारलं. दिवाळीला येणार आहे, तेव्हा बघू, म्हणाले.

बरं, वेळ झाली. कुणाचे प्रश्न असतील तर घेऊया.